पन्नास मिनिटं, वारा नसेल तर

नकाशावर

दोन विमानतळांवर पट्टी ठेवली तर एकशे ऐंशी किलोमीटर. मधे सगळी खाडी.

रस्त्याने

खाडीला वळसा, मग घाट. अख्खा दिवस जातो. आई नऊ वर्षं हेच अंतर पुढे करत आली. "कंबर मोडते गं माझी." कंबर बिचारी ठणठणीत होती. आजी गेल्यावर तिचं शिलाई मशीन आईने परस्पर उचलून आणलं, तेव्हापासून खाडीपलीकडच्या धाकट्या मावशीने बोलणं टाकलं होतं.

तिकिटावर

पन्नास मिनिटं. लेक विमानतळावर वजनकाट्याशी बसायची. सगळे तिला काटेवालीच म्हणत. विमान एवढंसं, त्यामुळे सामानाबरोबर माणसांनाही काट्यावर उभं करावं लागे. मावशीचा गुडघा बदलला, घरात दुसरं कुणी नाही. शेवटी तिनेच फोन केला: "यायचं तर ये." लेकीने त्याच दिवशी स्टाफच्या सवलतीतलं तिकीट काढलं. आईची कंबर गप्प झाली.

वाऱ्यात

सकाळी वैमानिक काउंटरशी आला. "ताई, समोरचा वारा आहे. पन्नासाची सत्तर होतील. इंधन जास्त घेतोय, पंधरा किलो उतरवा."

असं झालं की स्टाफच्या तिकिटावरचं आधी उतरतं. सामान, नाहीतर माणूस. तिने रांगेत पाहिलं. आई मशीनची लाकडी पेटी पायाशी घेऊन उभी होती.

"आई, मशीन राहील."

"छे! मशीन जाऊ दे. मी राहते."

"अगं!"

"तिचं तिला मिळालं म्हणजे झालं. मी हात हलवत जाऊन काय करू?"

"मशीन तिला हाताला धरून उठवणार आहे का?"

"बाई ठेवेल ती."

मागचा गृहस्थ म्हणाला, "आजी, मशीनला खिडकीची सीट मागा."

"तुम्ही बोलू नका. तुमच्या पोटापायी चाललंय हे सगळं!"

रांग हसली. काटेवालीला हसू आलं नाही. नियमाने दोन्ही चाललं असतं. पण आई इतक्या चटकन कशालाच तयार होत नसे. मशीन गेलं की देणं फिटलं, आणि बहिणीचं तोंड पाहायची गरजही संपली.

तिने पेटी उचलली आणि टेबलाखाली सरकवली.

"तू जातेयस."

"आणि तिला काय सांगू?"

"सांग, लेकीने ढापलं. आपल्या घराण्याची रीतच आहे."

आईचे कान लाल झाले. तिने पदर खोचला, पिशवी घेतली आणि मागे न बघता विमानाकडे चालू लागली.

हवेत

इथून काही दिसत नाही.

फोनवर

पलीकडच्या विमानतळावरचा काउंटरवाला रोजच्या ओळखीचा. विमान उतरल्यावर त्याचाच फोन आला.

"तुझी आई पोचली. वॉकर घेऊन एक बाई आल्यात न्यायला."

"स्वतः आली? मग?"

"त्या म्हणाल्या, 'किती उशीर!' तुझी आई म्हणाली, 'मी का विमान ढकलत आणलं?' आता दोघी दारातच उभ्या आहेत. माणसांना बाहेर पडता येईना. मधे पडू का?"

"बोलतायत ना?"

"दोघी एकदम."

"मग लोकांना दुसऱ्या दाराने काढ," काटेवाली म्हणाली.