नव्या मशीनवरचा जुना पहारा

शनिवारी सकाळी लॅबच्या मालकीणबाईंनी चहाचा पहिला कप धाकट्याच्या हातात दिला आणि थोरलीने आपली पिशवी टेबलावर आपटली.

वरवर पाहता रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. चहा रोजचाच होता, आणि दोघंही एकाच घरातली. थोरली त्या घरची मोठी सून, धाकटा तिचा दीर. पण या लॅबमध्ये शनिवारचा पहिला कप तिचा असायचा. इथे दातांच्या कॅपा बनत. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं स्कॅन पाठवत, आतल्या खोलीत डिझायनर पोरगी पडद्यावर दात घडवी, आणि बाहेरच्या मिलिंग मशीनमध्ये पांढऱ्या ठोकळ्यातून तो दात कोरून निघे. मालकीणबाई डोळ्याला भिंग लावून स्वतः शेवटचा रंग चढवत. या सगळ्यांच्या कॉम्प्युटरांची देखभाल गेली कित्येक वर्षं थोरलीकडे होती. दर शनिवारी ती यायची, काम थांबवायची आणि अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी लावायची. ती चालू असताना कोणी माउसला हात लावायचा नाही, असा तिचा दंडक होता. खरं तर लावला असता तरी काही बिघडलं नसतं. पण तेवढा वेळ मशीनची घरघर थांबे, सगळे हातावर हात ठेवून बसत, आणि शेवटी पडद्याकडे बघून ती म्हणे, "काही नाही, स्वच्छ आहे." मग बाई सुटकेचा श्वास टाकत. तो श्वास ऐकायला थोरलीला फार आवडायचं.

धाकट्याला इथे आणलं तेही तिच्याच स्कूटरने. म्हणजे स्कूटर बिघडली, म्हणून तो तिला घरी न्यायला आला. दारात उभ्या उभ्या त्याने जुना कॉम्प्युटर पाहिला आणि बाईंना सांगून टाकलं, की या ऑपरेटिंग सिस्टिमला कंपनी आता सुधारणा पाठवणं बंद करणार आहे. गोष्ट खरी होती. थोरलीलाही ठाऊक होती. ती योग्य वेळ बघून सांगणार होती. थोड्याच दिवसांत डिझाइनच्या खोलीत नवं मशीन आलं. प्रोसेसर नवा, सिस्टिम नवी, आणि ते बसवायला आला धाकटा.

"अँटिव्हायरस कोणता टाकताय, भावजी?" तिने विचारलं होतं.

"तुमचा यावर चालायचा नाही, वहिनी. नवा प्रोसेसर आणि सिस्टिम मिळून मेमरीचा एक भाग कुलूपबंद ठेवतात. जुन्या पद्धतीने लिहिलेलं काही आत शिरायला गेलं, की दारातच अडवतात. तुमच्या कंपनीने नवी आवृत्ती काढली की बघू. तोवर सिस्टिमचा स्वतःचा पहारा पुरे आहे."

"पुरे आहे म्हणजे?"

"म्हणजे शनिवारी सगळ्यांना गप्प बसवायची गरज नाही."

मिलिंग मशीनवरच्या माणसाला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो कधी बंदच पडत नसे. तो तिथूनच ओरडला, "सुटलो! शनिवारी माझ्याच तोंडात विषाणू सापडतो की काय, अशी धाकधूक असायची."

सगळे हसले. बाईही हसल्या. बाकीच्यांचं थोरलीने मनावर घेतलं नसतं. बाईंचं हसणं मात्र लागलं.

घरीही तेच. जेवताना सासूबाई म्हणाल्या, "याने म्हणे आल्या आल्या सगळं नवं करून टाकलं. तू इतकी वर्षं जातेस, तुला कसं गं सुचलं नाही?"

"सुचलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांचं असू दे गं, आई," धाकटा मोठ्या मनाने म्हणाला. "वहिनींनी जुनी मशीनं इतकी वर्षं ओढली, हे काय कमी आहे?"

ओढली! जसा काही हातगाडा होता. थोरलीने ताटातली वाटी उगाच इकडची तिकडे केली. पुढे स्वयंपाकघरात नवरा हळूच म्हणाला, "घरातलंच माणूस आहे. बाहेरच्या कोणी जागा घेतली असती तर?"

"बाहेरच्याला रोज वाढावं लागलं नसतं," ती म्हणाली.

तिने अँटिव्हायरसच्या कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, की सध्याची आवृत्ती त्या सिस्टिमवर कृपया बसवू नका, नवी लवकरच येते आहे. लवकर म्हणजे कधी, यावर ती पुन्हा तितक्याच गोडपणे "लवकरच, मॅडम" म्हणाली. तोवर धाकट्याचा पाय लॅबमध्ये घट्ट रोवला जाणार, हे थोरलीला स्पष्ट दिसत होतं. आज एक मशीन त्याच्याकडे गेलं, उद्या बाकीची जातील. मग शनिवारी तिने यायचं कशाला?

बुधवारी डिझायनर जेवायला उठली, तेव्हा मुद्दाम लॅबमध्ये आलेली थोरली नव्या मशीनसमोर जाऊन बसली. जुनी आवृत्ती बसेना. सिस्टिमने दारातच अडवली, अगदी धाकटा म्हणाला होता तशी. ते कुलूप कुठल्या सेटिंगमध्ये आहे, हे शोधायला तिला फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं उगाच घालवली नव्हती. ते बंद करताना पडद्यावर इशारा आला, की यामुळे कॉम्प्युटर असुरक्षित होऊ शकतो. तिला हसू आलं. सुरक्षा वाढवायला सुरक्षा काढतोय, असं एकदा मनात आलंही. पण लगेच तिने स्वतःला बजावलं, की बाईंचं भलं कशात आहे हे आपल्याला कळतं, कालच्या पोराला नाही. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. कोपऱ्यात तिच्या अँटिव्हायरसची ओळखीची हिरवी खूण उमटली. तिला कितीतरी दिवसांनी आपल्या घरात आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती हिशेबाच्या कॉम्प्युटरचं निमित्त काढून लॅबमध्येच होती. डिझायनर सकाळपासून पुढच्या चार दातांचा ब्रिज घडवत होती. पेशंट डॉक्टरांकडे येऊन बसला होता. काम संपलं, पोरीने फाइल साठवायला बटण दाबलं, आणि पडदा गोठला. मग निळा झाला. मशीन पुन्हा चालू केलं, तर ब्रिजची फाइल अर्धवट होती आणि उघडत नव्हती. पोरीने पुन्हा काम सुरू केलं. थोडंसं झाल्यावर ती साठवायला गेली, आणि पुन्हा निळा पडदा.

बाईंचा आवाज सहसा चढत नसे. त्या दिवशी चढला. त्यांनी धाकट्याला फोन लावला. "नवं नवं म्हणून काय गळ्यात मारलंस माझ्या? तिकडे माणूस तोंड उघडं टाकून बसलाय. डॉक्टर मला बोलताहेत. जुनं होतं ते काय वाईट होतं?"

थोरली कीबोर्डवरची धूळ पुसत राहिली. काय झालं असेल, हे तिला पहिल्याच निळ्या पडद्याला कळलं होतं. जुना पहारेकरी साठवली जाणारी प्रत्येक फाइल तपासायला आत हात घालत होता, आणि नव्या सिस्टिमची आतली रचना त्याला माहीत नव्हती. दोन मिनिटांत तिला ते काढून टाकता आलं असतं. पण "जुनं होतं ते काय वाईट होतं" हे वाक्य नुकतंच हवेत विरत होतं, आणि ते पुरतं विरेपर्यंत तिला हलवेना.

धाकटा धापा टाकत आला. खुर्चीत बसला, कोपऱ्यातली हिरवी खूण पाहिली, सेटिंग उघडलं, आणि त्याचा हात माउसवर थांबला. त्याने मान वळवून वहिनीकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही. मग तो पुन्हा पडद्याकडे वळला. जुना अँटिव्हायरस काढला, कुलूप परत लावलं, मशीन सुरू केलं आणि पोरीला म्हणाला, "आता साठवून बघ."

साठवलं गेलं. पुन्हा केलं, पुन्हा साठवलं गेलं.

"काय होतं?" बाई दारात उभ्या होत्या.

"माझं चुकलं, बाई," धाकटा म्हणाला. "बसवताना एक सेटिंग राहून गेलं होतं. डॉक्टरांना माझ्या वतीने सॉरी म्हणा."

बाईंचा चेहरा हळूहळू निवळला. "चूक झाली म्हणून तोंडावर सांगणारा माणूस बरा. इथे आजवर नुसतं 'स्वच्छ आहे, स्वच्छ आहे' ऐकत आले. असं कर, बाकीची मशीनंही आता तूच बघ."

धाकट्याने थोरलीकडे बघून किंचित मान हलवली. काळजी करू नका, मी सांभाळून घेतलं, असं ते मान हलवणं होतं. आणि त्याबरोबर एक समंजस, क्षमाशील हसू. तिच्या अंगाची लाहीलाही झाली. तो ओरडला असता तर तिने ऐकून घेतलं असतं.

"खोटं आहे ते," ती म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"भावजींनी काही केलेलं नाही. मी केलं. माझा अँटिव्हायरस बसावा म्हणून त्यांनी लावलेलं कुलूप मी काढलं."

"वहिनी, जाऊ द्या ना," धाकटा घाईघाईने म्हणाला. "मिटलंय आता."

"का जाऊ द्या? चूक माझी आहे. तीही तुम्हीच घेणार?"

रेडिओने मशीनचं बटण दाबून घरघर बंद केली. एक शब्द चुकायला नको होता त्याला.

"कंपनीने बसवू नका म्हणून सांगितलं नव्हतं?" बाईंनी विचारलं.

"सांगितलं होतं."

"मग?"

थोरलीने काहीतरी सुरक्षेचं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "मला बघवेना, बाई," ती म्हणाली. "सगळे यांनाच विचारायला लागले."

बाईंनी डोळ्यावरचं भिंग काढलं. मग म्हणाल्या, "आजपासून माझ्या एकाही मशीनला तुझा हात लागता कामा नये. आणि डॉक्टरांना फोन तू लावायचास. झालं ते जसंच्या तसं सांगायचं."

तिने तिथेच उभं राहून फोन लावला. डॉक्टर भडकलेलेच होते. कोणी, का, कशासाठी, असं विचारत ते तिला फैलावर घेत होते, आणि ती एकेका प्रश्नाला उत्तर देत होती. दुसऱ्या कानावर बाईंचा आवाज येत होता.

"आणि तू रे? माझ्याच मशीनबद्दल माझ्याशी बेधडक खोटं बोललास? उद्या खरंच काही बिघडलं, तर मला कळायचं कसं?"

"बाई, मी आपला घरातलं माणूस म्हणून..."

"घर तुमचं. लॅब माझी आहे."

धाकट्याचे कान लाल झाले होते. ते हसू कुठल्या कुठे गेलं होतं. डॉक्टरांनी पलीकडून दरडावून विचारलं, की म्हणजे यात दुसऱ्या कोणाचाच दोष नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?

"कोणाचाच नाही, डॉक्टर," थोरली म्हणाली. "सगळं माझंच आहे." आणि ते बोलताना तिची नजर धाकट्याच्या लाल कानांवरून हलली नाही.