कोट घातलेली फळी

मी पोहण्याच्या तलावावरची एक जुनी फळी आहे, मित्रांनो. लाकडाची नव्हे हं, फोमची. शिकणारी माणसं मला दोन्ही हातांनी पुढे धरतात आणि मागे पाय मारतात, एवढंच माझं काम. एकेकाळी मी निळी होते. आता रंग विचाराल तर ‘होता’ एवढंच सांगता येईल. माझा डावा कोपरा नाही. तो कुणी खाल्ला ते कळेलच पुढे.

एका कारखान्यात फोमच्या भल्यामोठ्या तक्त्यातून आम्हा चाळीस बहिणींना गरम पात्याने कापून काढलं. मग एक माणूस आला आणि त्याने प्रत्येकीच्या पाठीवर ठळक अक्षरांत छापलं : ‘हे जीव वाचवण्याचं साधन नाही.’ जन्मल्या जन्मल्या इतका अविश्वास! अजून बारसंही झालं नव्हतं आमचं.

तरी तलावावर आले तेव्हा माझा थाट काय वर्णावा! सकाळी दार उघडलं की पोरं आधी माझ्याकडे धावायची. निळी फळी मला, निळी फळी मला! कुणी माझ्यावर बसायचं, कुणी उभं राहायचं, एकाने तर मला मैत्रिणीच्या डोक्यावर वाजवून बघितलं. पण शिकायची सगळी. आणि ज्या दिवशी नीट शिकायची त्या दिवशी मला काठावर टाकून निघून जायची. आमच्या धंद्यात यालाच शाबासकी म्हणतात.

त्यातच एक सहा वर्षांची मुलगी होती. पुढचे दोन दात हलत होते. तिला सोडायला तिचे बाबा यायचे. ते शिंपी. दुकान उघडायच्या आधी तिला तलावावर आणायचे आणि काठच्या बाकावर पाण्याकडे पाठ करून बसायचे. मांडीवर शर्ट, हातात सुई, काजं-बटणं चालू. शिंपीकाकांना पाण्याची अशी भीती होती की बादली काठोकाठ भरली तरी ते दोन पावलं मागे सरकायचे.

मुलगी पाण्यातून ओरडायची, “बाबा, बघा ना!”

काका न वळता सुईचा हात वर करायचे. “बघितलं गं! छान!”

एक दिवस तिला पहिल्यांदा तोंड पाण्यात घालायला सांगितलं. तिने आधी बाकाकडे बघितलं. तिथे पाठच होती. मग तिने डोळे गच्च मिटले आणि माझा कोपरा दातात धरला. वर आली तेव्हा तो कोपरा तिच्या तोंडात होता आणि हलणाऱ्या दातांपैकी एक माझ्यात. दात परत गेला, कोपरा काही परत आला नाही. पण पोरगी शिकली. हात लांब, कोपर वर, मान सैल, श्वास बाजूला. पाण्याला न दुखावता पोहायची. मोठी झाली, तिथेच शिकवायला लागली आणि सगळ्या तलावाची ताई झाली.

माझं मात्र उलट झालं. नव्या पिवळ्या फळ्या आल्या, हाताला खाचा असलेल्या. मी सामानाच्या खोलीत गेले. तिथल्या मामांनी मला आधी दाराखाली पाचर म्हणून लावलं, मग चहाचा ट्रे केलं, आणि शेवटी तलावात टाकायच्या औषधाच्या पिंपावर झाकण म्हणून बढती दिली. तलावापासून पंधरा पावलांवर राहून मी पाच वर्षं ओली झाले नाही. चहा सांडला ते सोडा.

आणि मग एका सोमवारी शिंपीकाका तलावावर आले, तेही पाण्याकडे तोंड करून.

ताईला दूरच्या शहरात मोठ्या तलावावर नोकरी लागली होती. महिनाअखेरीला ती जाणार होती. काकांनी पोहायची चड्डी स्वतःच शिवली होती. तिला बाजूला दोन खिसे, मागे एक, आणि टेप ठेवायला चोरखिसा.

“बाबा? कुणाला घेऊन आलात?” ताईने विचारलं.

“मलाच घेऊन आलोय. तू जायच्या आधी मला एकदा तुझ्या बाजूने पोहायचंय. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. फळीबिळी न धरता.”

“पंचवीस मीटर? तीन आठवड्यांत?”

“अख्खा सूट चार दिवसांत देतो मी.”

ताई तशीच वळली. सामानाच्या खोलीत आली, मला पिंपावरून उचललं, पुसलं आणि काकांच्या हातात दिलं. “ही घ्या. ही माझी आहे.”

मित्रांनो, पाच वर्षांनी पाणी लागलं की कसं वाटतं ते मी सांगायला गेले तर आपण इथेच थांबू. आणि पुढचा प्रकार सांगायलाच हवा.

काका उतरले. चारही खिसे पाण्याने टम्म भरले. मला धरून ते आडवे झाले, पाय मारू लागले आणि आम्ही निघालो. मागे!

खोटं नाही सांगत. चाळीस वर्षं शिलाई मशीन पायाने चालवलेला माणूस तो. पंजा खाली, टाच वर. टाच खाली, पंजा वर. पाण्यातही तेच चालू. पावलं अशी काटकोनात उभी, की जेवढं जोर लावून मारतील तेवढे मागे. मागच्या बाजूला हेडबाई पोहत होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, केस न भिजवता मान ताठ ठेवून पोहणाऱ्या. काकांची टाच थेट त्यांच्या टोपीवर.

“शिंपीदादा,” हेडबाई म्हणाल्या, “मागच्या बाकावरची मुलं पुढे आलेली पुष्कळ बघितली. पुढचं मूल मागे येताना आजच बघते.”

“बाबा, मशीन बंद करा!” ताई काठावरून ओरडली. “पाय कमरेपासून. पाऊल लांब करा. लांब!”

पण पायाला कोण समजावणार? दोन आठवडे आम्ही असेच मागे-पुढे. काकांचा हात बरा बसला, श्वास थोडाफार जमला. पायांनी मात्र शिलाई सोडली नाही.

मग काकांनी मला कापडी पिशवीत घालून गुपचूप दुकानात नेलं. इस्त्रीच्या टेबलावर ते पालथे पडायचे. पुढे मी, माझ्यापुढे कपड्यांवर शिंपडायच्या पाण्याचं पातेलं. तोंड पातेल्यात, बुडबुडे, मग मान उजवीकडे, श्वास. डावीकडे भिंत होती, म्हणून नेहमी उजवीकडेच. एकदा कोट घालून बघायला गिऱ्हाईक आलं.

“दादा, बरं नाही का?”

उत्तरादाखल पातेल्यातून बुडबुडे आले. गिऱ्हाईकाने धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. डॉक्टरांनी नाडी बघितली, आणि काकांनी तेवढ्यात डॉक्टरांच्या बाह्यांचं माप घेतलं.

त्या दिवशी काकांनी मला पहिल्यांदा नीट निरखलं. माझ्या कडा झडत होत्या. “काय अवस्था झालीय गं तुझी,” ते म्हणाले आणि उरलेल्या राखाडी सुटिंगचा त्यांनी मला कोट शिवला. आतून अस्तर. दोन बटणं. तुटलेल्या कोपऱ्यात कापूस भरून कोपरा परत उभा केला. आणि कोट अंगावर नीट पडावा म्हणून, पडद्याच्या कडेला घालतात ना, तसली शिशाची वजनं चहूबाजूंनी शिवून टाकली. तीस-चाळीस तरी असतील. काकांच्या हातचा कपडा कधी वाकडा पडलेला नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी कुणी काही शिवेल असं मला वाटलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी पाण्यात उतरेपर्यंत माझ्याएवढं सुखी कुणी नव्हतं.

उतरले, आणि नाकासमोर सरळ तळाला जायला निघाले.

काकांनी मला सोडलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण त्यांनी मला घट्ट धरलं. मी खाली, माझ्यामागे काका खाली, बुडबुडेच बुडबुडे. ताईने कपड्यांसकट उडी मारली.

“बाबा, उभे राहा! उभे राहा! पाणी छातीएवढंच आहे!”

काका उभे राहिले. छाती धपापत होती, पण मी हातात होतेच.

ताई आधी हसली. मग हसता हसता तिचा आवाज फाटला. “फळी बुडवणारा माणूस मी आयुष्यात बघितला नव्हता! उद्यापासून येऊ नका तुम्ही. मला नाही बघवत. मी तिकडे गेल्यावर मागे असं काही केलंत तर?”

काका बाकावर जाऊन बसले. पाच दिवस उरले होते, आणि पोहणं संपलं होतं. ताई शेजारी बसून माझ्या कोटाची शिवण उसवायला लागली. कोपऱ्यातला कापूस हाताला लागला तशी थांबली.

“हा कोपरा कशाला भरलात?”

“तुटला होता. कुणी तोडला कोण जाणे.”

“मी. तुम्ही वळून बघत नव्हता म्हणून.”

काका कोटाचं बटण फिरवू लागले. “तू बघा म्हणायचीस ते ऐकू यायचं गं. पण वळलो असतो तर ओरडलो असतो, ‘बाहेर ये’ म्हणून. आणि तू आली असतीस. मग शिकली असतीस का? म्हणून बटणं लावत बसायचो. किती बटणं उलटी लावलीत त्या काळात, गिऱ्हाइकांना विचार.”

ताईने नाक ओढलं. काकांनी उसवलेला ओला कोट उचलला, उभे राहिले आणि वाळत घालायच्या आधी सवयीने झटकला. फट्ट!

“थांबा,” ताई म्हणाली. “परत करा.”

“काय?”

“झटका परत.”

फट्ट! झटका खांद्यातून निघाला, कापडातून लाटेसारखा गेला आणि शेवटी टोकाला वाजला.

“बाबा, हाच पाय! कंबर म्हणजे तुमचा हात. पाय म्हणजे कापड. जोर वरून सोडायचा, पाऊल नुसतं टोकाला झटकलं जातं. मशीन नाही चालवायची. कपडा झटकायचाय!”

“मग हे आधी नाही का सांगायचं?” काका म्हणाले. “दोन आठवडे कंबर-कंबर करत होतीस.”

त्याच सकाळी आम्ही परत उतरलो. मी उघड्या अंगानेच. काकांनी पाय झटकले आणि मी पुढे निघाले! भिंतीपर्यंत पुढे! हेडबाईंनी केस भिजतील याची पर्वा न करता टाळ्या वाजवल्या.

शेवटच्या दिवशी ताईने मला काकांच्या हातातून काढून घेतलं आणि बाकाला टेकवून उभं केलं. ज्या बाकावर काका पाठ करून बसायचे, त्याच बाकाला. मी मात्र पाण्याकडे तोंड करून. ताई काकांच्या उजव्या बाजूला थांबली, कारण काकांना श्वास तिकडेच घेता यायचा. डावीकडे त्यांच्या डोक्यात अजून भिंत होती.

दोघं निघाली. काकांचे हात वाकडे पडत होते, पण पाय झटकले जात होते. दर दुसऱ्या हाताला मान वळत होती. श्वास घेताना तोंड जरासंच वळवायचं असतं, मित्रांनो, एक डोळा पाण्यात आणि एक बाहेर. काका अख्खं तोंड वर काढत होते आणि तसेच थांबत होते. मग पाय खाली जायचे, मग पुन्हा झटका, पुन्हा वर. अर्ध्यात मला वाटलं, गेले. मी बाकाच्या टेकूवरून घसरले. माझ्या पाठीवर काय लिहिलंय ते ठाऊक होतं, तरी घसरले.

पण भिंत आली. काकांनी ती दोन्ही हातांनी धरली.

“बाबा!” ताई धापा टाकत म्हणाली. “श्वास घ्यायला एवढा वेळ? किती वेळा सांगितलं, तोंड लगेच आत!”

“श्वास कुठे घेत होतो?” काका म्हणाले. “बघत होतो.”

ताईने ओंजळभर पाणी तोंडावर मारलं.

“बघितलं गं,” काका म्हणाले. “छान.”

दुसऱ्या दिवशी ताई गेली. राखाडी कोट तिने बॅगेत घातला, शिशाची वजनं काढून. मी तलावावरचीच, म्हणून इथेच राहिले. काका अजून रोज येतात. मला हात लावत नाहीत, पण पाण्यात उतरायच्या आधी माझ्या तुटक्या कोपऱ्यावर थाप मारतात. हेडबाईंनी आता डोकं भिजवायचं शिकायला घेतलंय, आणि त्यांच्यासाठी मीच लागते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आम्हा फळ्यांना वापरून झाल्यावर साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, आमच्यावर चहा ठेवू नका. कोट शिवायची तर अजिबात गरज नाही. आणि पाण्यातून कुणी ‘बघा ना’ म्हणालं, तर हातातलं बटण खाली ठेवा आणि वळा. कोपरे वाचतात.