पाटावरची म्हैस

कमलने गिटार उलटी केली आणि तिच्या बटणांच्या फटींतून चिंचेचं पाणी अंगणात ओघळलं.

मोरीच्या दगडापाशी बेबाबाई उकिडव्या बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत चिंचेच्या कोळाने माखलेले. शेजारी पोत्यावर विळे, कोयता, कुदळ आणि कुऱ्हाड धुऊन निथळत होती. तराजूची पितळी पारडी उन्हात नव्यासारखी चमकत होती. खंडेनवमीचा दिवस होता. घरातली सगळी हत्यारं आज न्हाणार आणि पाटावर बसणार होती.

"आजी, काय केलं हे!"

"काय करं? आंग धुयं तिन्हं," बेबाबाई म्हणाल्या. त्यांचं माहेर धुळ्याकडचं. मेहरूणमध्ये सगळं आयुष्य काढूनही त्यांची बोली बदलली नव्हती. "कितला मळ व्हता त्या तारासले. तुले दखात नही का?"

"अगं, ती विजेची आहे!"

"मंग? दिवा बी वीजनाच शे. तो पुसस ना मी."

 कमलने ओढणीने गिटारीची मान पुसली, मग पोट पुसलं, पण फटींतून पाणी येतच राहिलं. उद्या दसरा. संध्याकाळी सोनं वाटून झालं की तळ्याजवळच्या मैदानात मंडळाचा कार्यक्रम होता आणि त्यात कमल बेस गिटार वाजवणार होती. पहिल्यांदाच. आणि तिच्या वडिलांनी ठरवलं होतं त्याप्रमाणे, शेवटचंच.

श्रावणात सुकदेव नाना स्वतः घरी आले होते, तेव्हाचं हे ठरलेलं. नाना नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले. गल्लीतल्या पोरांना बाजाची पेटी, माउथ ऑर्गन, जे हाताशी असेल ते शिकवायचे. त्यांच्या हौशी वाद्यवृंदात बेस गिटार तेच वाजवत, पण गेल्या वर्षी बसमधून उतरताना पडले आणि डावं मनगट पुन्हा नीट वळलंच नाही. "पोरीच्या बोटांत ताकद आहे आणि कानात सबुरी," ते कमलच्या वडिलांना, मोतीलालला म्हणाले होते.  मोतीलालने अट घातली होती, "दसऱ्यापर्यंत, नाना. पुढे तिची दहावी आहे. त्यानंतर वस्तू तुमची तुम्ही घेऊन जा."

त्या दिवशी सगळ्यात मोठा आवाज बेबाबाईंचा होता. असलं खोकं घरात नको, पोरगी काय तमाशात जाणार आहे का, असं त्या शेजारणींना ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाल्या होत्या. आवाज ऐकल्यावर तर त्यांनी गिटारीचं नावच ठेवलं, म्हैस. "उनी का तुन्ही म्हैस? बांध तिले चाराकडे."

कमलने गिटार चादरीत गुंडाळली, सायकलच्या कॅरियरला दोरीने बांधली आणि सायकल हातात धरून चालत निघाली. मागून बेबाबाई ओरडत होत्या, "अवं, कोठे लई चालनी? पूजा व्हवानी शे आजून!" तिने मागे पाहिलं नाही.

नानांनी दार उघडलं, चादरीतून गळणारं पाणी पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"वायर लावून पाहिलीस?"

"नाही."

"उन्हात ठेवलीस?"

"नाही. पुसून सरळ इकडे आले."

"मग अर्धी दुरुस्ती तूच केलीस. बस खाली."

त्यांनी सतरंजी पसरली आणि टेबलफॅन जमिनीवर ठेवला. "उन्हाने लवकर वाळेल, असं वाटतं माणसाला. पण पाण्याने लाकूड फुगतं आणि उन्हाने वाकतं. एकाच दिवशी दोन्ही नको. सावलीत वाऱ्यावर वाळू द्यायचं. आता तारा उतरव."

कमलने पहिल्या तारेची खुंटी भराभर फिरवायला घेतली.

"अंहं. एकीला एकदम सोडू नकोस. थोडी ही, थोडी ती. चौघी मिळून मान ओढून धरतात. एकदम हात काढला तर मान रुसते."

ती चारही खुंट्या आळीपाळीने सैल करत गेली.  दुसऱ्या फेरीला ती म्हणाली, "आजीने मुद्दाम धुतली, नाना."

नानांनी पेचकस तिच्या हातात दिला. "मागची झाकणी काढ. स्क्रू जसे निघतील तसेच कागदावर मांड. वरचा वर, खालचा खाली. म्हणजे लावताना आठवावं लागत नाही."

"पहिल्या दिवसापासून तिला ती नकोच होती. मी कोठीला टेकवून वाजवते ना, तर म्हणते, अख्खी कोठी हंबरते, मला झोप येत नाही."

ही युक्ती नानांनीच शिकवली होती. घरी अँप्लिफायर नसेल तर गिटारीचं डोकं लाकडी कपाटाला किंवा धान्याच्या पत्र्याच्या कोठीला टेकवायचं. खर्जाचा आवाज कोठीभर फिरतो आणि वाजवणाऱ्याला आपली चूक ऐकू येते.

"तिची खाट कुठे असते?" नानांनी विचारलं.

"कोठीला लागूनच."

"अजूनही?"

"हो. का?"

"काही नाही. झाकणी निघाली का?"

आत बोटभर पाणी साचलं होतं आणि त्यात चिंचेची एक शीर तरंगत होती. नानांनी ती चिमटीने उचलली आणि हसू आवरलं. मग फडक्याचं टोक पिळून पिळून ते पाणी टिपत राहिले. कमलने तारांची वेटोळी केली आणि ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली.

"काकू, तारा उकळायच्या आहेत. नाना म्हणतात, आंबट राहिलं तर रात्रीतून गंज धरेल."

नानांच्या पत्नी इंदिराबाईंनी काळं पडलेलं एक पातेलं पुढे सरकवलं. "या घरात नवमीला पुरण शिजत नाही, तारा शिजतात. रस्सा करू का सोबत?"

"करा. झुलालला वाढू," नाना बाहेरून म्हणाले. झुलाल त्यांच्या वाद्यवृंदातला ढोलकीवाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या की तो लय वाढवून पळत सुटायचा आणि गाणारा बिचारा मागे राहायचा. त्याला धरून ठेवणं हे कमलचं काम होतं. "तो पळाला तरी तू पळायचं नाहीस. पाय जमिनीला, बोट मानेवरच्या धातूच्या पट्टीच्या अगदी मागे. त्याला परत तुझ्याकडेच यावं लागतं." हे नानांनी तिला इतक्या वेळा सांगितलं होतं की झुलाल तिला आता गमतीने 'मास्तरीण' म्हणायचा.

तारा उकळून, पुसून सतरंजीवर पसरल्या. पंखा फिरत होता. करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा कमल गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली.

"आज काय काय धुतलं आजीने?" नानांनी सहज विचारलं.

"सगळंच. विळे, कोयता, कुऱ्हाड. तराजूची पारडी. आईच्या शिलाई मशीनला ओलं फडकं लावलं. जात्याचा खुंटाही सोडला नाही."

"आणि तुझ्या भावाची बॅट? लाकडाचीच आहे की तीही."

"ती कशाला धुवेल? ते काय हत्यार आहे? ते तर खेळायचं..."

कमल थांबली. तिने कागदावर मांडलेला एक स्क्रू उचलला, बोटात फिरवला आणि परत होता तिथेच ठेवला. नाना पंख्याची दिशा बदलत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

ती म्हणाली, "नाना, पूजा दुपारी असते आमच्याकडे."

"मग हात चालव. वीज जायच्या आत ऐकून घेऊ."

रेडिओ दुरुस्तीत वापरतात ते स्पिरिट नानांनी कापसावर घेतलं आणि बटणांच्या आत लावलं. झाकणी बसली, तारा चढल्या, पुन्हा थोडी ही, थोडी ती. अँप्लिफायरला वायर जोडताना कमलने डोळे मिटून घेतले. आधी नुसती खरखर आली.

"बटण फिरव. पूर्ण इकडे, पूर्ण तिकडे. फिरवत राहा. घाबरू नकोस, ते फिरायलाच केलेलं आहे."

ती फिरवत राहिली. खरखर तुटक झाली, मग बारीक झाली, मग नाहीशी झाली. तिने जाड तार छेडली. खिडकीचं तावदान थरारलं आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरचे पेले किणकिणले.

"अगं बाई," इंदिराबाई आतून म्हणाल्या, "हिचा घसा साफ झाला की!"

खरंच झाला होता. चिंचेने आणि उकळीने तारांवरचा साचलेला मळ गेला होता. नानांनी मान तिरकी करून पुन्हा पुन्हा ऐकलं. "तुला किती वेळा सांगितलं, वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या. तू पुसल्या असत्यास तर आजीवर ही वेळच आली नसती."

कमलने ओशाळून मान खाली घातली, पण ती हसत होती.

गिटार घेऊन दोघं मेहरूणच्या गल्लीत शिरली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बेबाबाई दारातच उभ्या होत्या.

"ही बय, हत्यार पाटवरथीन पळाडी लई गयी! बठ्ठी पूजा खोळंबेल शे." मग नानांकडे पाहून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "या नाना. बिघडनं का काही?"

"नाही अक्का. उलट सुधारलं."

बेबाबाईंनी कमलकडे एक नजर टाकली. कमलने होकाराची मान डोलवली.

घरात पाटावर ओळीने हत्यारं मांडली होती. विळे, कोयता, कुदळ, कुऱ्हाड, तराजू. शेजारी हार घातलेलं शिलाई मशीन. तराजू आणि मशीन यांच्या मध्ये एक पाट रिकामा होता. लांबट, त्यावर तांदळाचं स्वस्तिक काढलेलं आणि कडेला झेंडूचा एक जास्तीचा हार. कमल त्या पाटाकडे पाहत राहिली. मग तिने गिटार अलगद त्यावर आडवी ठेवली. पाट पुरला नाही. मान बाहेर आली. बेबाबाईंनी मानेखाली उशीसारखी कापडाची एक घडी सरकवली.

त्यांनी वाटीत हळद-कुंकू कालवायला घेतलं, तशी कमल घाईने म्हणाली, "आजी, तारांवर नको. इथे, लाकडावर लाव."

"सांग, कोठे."

कमलने त्यांचं बोट धरून खुंट्यांच्या वरची जागा दाखवली. तिथे पाच बोटं उमटली.

"आता संध्याकाळी तालीम आहे, आजी. सातला..."

"आज? आज हत्यारले हात लावतस का? त्यास्ले बी येक दिवस इसावा ऱ्हास."

कमलने नानांकडे पाहिलं. उद्याच कार्यक्रम आणि आज तालीम नाही. नाना सतरंजीवर बसले, मांडीवर बोटं मांडली. "ये. तोंडाने म्हणू आणि बोटं मांडीवर चालवू. झुलालला मी निरोप देतो. त्याच्या ढोलकीलाही विसावा असू दे."

दोघांची तोंडी तालीम सुरू असतानाच मोतीलाल केळीच्या बागेतून आला. चप्पल बाहेर काढून तो दारात उभा राहिला. पाटावरची ओळ त्याने पाहिली. नजर गिटारीपर्यंत गेली आणि तिथून नानांकडे आली.

"बरं झालं भेटले, नाना. उद्या कार्यक्रम झाला की वस्तू घेऊन जा तुमची. ठरल्याप्रमाणे."

कमलची बोटं मांडीवर थांबली. नाना उत्तर द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात बेबाबाई निरांजनाची वात पुढे सारत म्हणाल्या, "पूजाले बसाडेल हत्यार घरमाइन बाहेर काढतस का रे?"

मोतीलालच्या कपाळाला आठी पडली. "कधीपासून? गये साल पूजामातली कुऱ्हाड तू दुसराच दिन शेजारले देल व्हती, माय."

"ती कुऱ्हाड व्हती."

"आनी हाई काय शे?"

"हाई म्हैस शे," बेबाबाई म्हणाल्या. "दुभती म्हैस कोन काढस घरमाइन?"

मोतीलालने नानांकडे पाहिलं. नानांनी गंभीरपणे मान डोलवली, जणू ही रीत त्यांनाही लहानपणापासून ठाऊक होती.

"आणि दहावी?" मोतीलालने विचारलं, पण आवाजातला मघाचा ठामपणा गेला होता.

"दहावी बी करी ती. म्हैस काय पुस्तकं खास?"

 मोतीलाल पाय धुवायला मोरीकडे गेला. तिथून तांब्याचा आवाज आला आणि त्या आवाजाबरोबर दबकं हसूही.

पूजा आटोपल्यावर बेबाबाईंनी देवळीतली तेलाची बाटली काढली. "विळाले लावतच शे, तिले बी लावू का थोडं?"

"नको!" कमल आणि नाना एकदमच ओरडले.

बेबाबाईंनी बाटली छातीशी धरली. "अवं मंग, लागस काय तिले?"

कमल जवळ जाऊन बसली. "फडकं, आजी. कोरडं, मऊ, सुती. वाजवून झालं की तारा पुसायच्या. बस, एवढंच."

बेबाबाई उठल्या. कोठीपाशी त्यांची पत्र्याची पेटी होती, ती उघडली. आतून एक जुनं लुगडं निघालं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. त्यांनी त्याच्या पदराचं टोक दातात धरलं आणि फाडलं. मग तो तुकडा घडी करून कोठीवर ठेवला, कमल गिटारीचं डोकं टेकवायची, बरोबर त्याच जागी.