उकंडरावाच्या तीनशे म्हशी

गाडीनं मंगरूळपीर सोडलं तशी मंजुषानं मांडीवरच्या लॅपटॉपवर म्हशींची यादी उघडली. पुढं मुंबईचे मोठे साहेब, शेजारी तिचे विनोद साहेब, आणि वाट आसेगावची. तिथं उकंडरावाच्या तीनशे म्हशी बघायच्या होत्या.

त्या म्हशी शोधल्या होत्या मंजुषानंच. वाशीमच्या पशुसंवर्धन ऑफिसात ती कंत्राटी डेटा ऑपरेटर, आणि कंत्राट याच आठवड्यात संपत होतं. जिल्ह्यात सगळ्यात जास्त म्हशी कोणाच्या, ते साहेबांना हवं होतं. शेतकऱ्यांचा तक्ता एक, म्हशींच्या कानातल्या बिल्ल्यांचा दुसरा. दोन्हींत सारखा रकाना एकच, मोबाईल नंबर. तिनं त्यावर दोन्ही तक्ते एका क्वेरीत जोडले. सगळ्यात वर उकंडराव आला. साहेबांनी तेवढंच पाहून मुंबईला कळवून टाकलं.

खालच्या ओळी मंजुषानं आज गाडीत पाहिल्या. आसेगावच्या प्रत्येकाच्या नावापुढं तीनशेच म्हशी आणि तोच एक मोबाईल नंबर. तिनं तो नंबर लावला. उचलला गावातल्या रिचार्जच्या दुकानवाल्यानं, "पवन बोलतो" म्हणत.

"पवनभाऊ, हा नंबर उकंडरावचा हाय ना?" ती कुजबुजली.

"साऱ्या गावाचा हाय ताई. ओटीपी कोन वाचन? म्हनून सारे माहाच नंबर देतात."

"त्याच्याकडं म्हशी किती?"

"एक. तेबी लंगडी."

"साहेब तीनशे पाहाले येऊन राह्यले."

मग पवन म्हणाला, "येऊ द्या. पाहुन्याईले नाराज कायले कराचं?"

गावाचा कळप एकत्रच चरतो. पवननं तो उकंडरावाच्या घरामागच्या वावराकडं वळवला होता. गाडी थांबली तेव्हा वावर काळंभोर दिसत होतं आणि उकंडराव आपल्याच म्हशींना भिऊन बांधावर उभा होता.

"बिल्ले तपासा," मोठे साहेब म्हणाले.

मंजुषानं एका म्हशीच्या कानातला बिल्ला स्कॅन केला. ओटीपी मालकाच्या नंबरावर गेला, गर्दीतून पवननं वाचला. मालक जुळला. दुसरा जुळला. दहावाही जुळला.

"हा कोण तुमचा?" पवनकडं बोट करत मोठ्या साहेबांनी उकंडरावाला विचारलं.

"पुतन्या," अर्धं गाव म्हणालं.

"म्हशींना नावं ठेवली असतील?"

"ठेवली ना सायेब," उकंडराव म्हणाला, "पर साऱ्याईले हाक मारता मारता सांज होते."

चहा झाला, फोटो झाले. विनोद साहेब फुलले होते. मंजुषा सूर्याकडं बघत होती. धारांची वेळ जवळ येत होती.

आधी एक म्हैस निघाली. मग सगळ्या. एक रंगूबाईच्या अंगणात शिरली, दोन भागवतच्या, बाकीच्या गल्लोगल्ली पांगल्या.

"या कुठं निघाल्या?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"घरी," उकंडराव म्हणाला.

"घर तर तुमचं इथं आहे."

"माहं इथंच हाय. त्याईचं तिकडं."

वावरात लंगडी तेवढी उरली, उकंडरावाचं धोतर चघळत.

विनोद साहेबांनी मंजुषाकडं पाहिलं. ती म्हणाली, "साहेब, मी नंबर धरून जोडलं. नंबर साऱ्या गावाचा एकच हाय. मले आज कळलं."

मोठ्या साहेबांनी गल्लीकडं बोट केलं. "म्हशी आपापला मालक बरोबर जोडून घेतायत," ते म्हणाले. "विनोद, हिचं कंत्राट वाढवा."

मंजुषा लगबगीनं गाडीकडं वळली.

"ऑफिसात नाही. रोज संध्याकाळी एक गाव, म्हशींच्या मागं. कोणती कोणाच्या दारात शिरते ते लिहायचं. आजपासूनच."

मंजुषा पेन घेऊन गल्लीत वळली. दारातून रंगूबाई म्हणाली, "पोरी, मांगून चाल. समोर नको येऊ, माही मारकी हाय."