सुपारी फुटल्यावर

सुरेंद्र इचोड्याच्या प्रार्थना-घरात बोलायला उभा राहिला की त्याचा गळा असा काही भरून येई, की बाया डोळ्याला पदर लावत. त्याची आई द्वारकाबाई मात्र कोरडीच बसे. त्या रविवारी विषय होता देवाचा करार. गिबोनच्या लोकांनी फाटके जोडे घालून, बुरसटलेल्या भाकरी दाखवून यहोशवाला फसवलं, 'आम्ही फार दुरून आलो' म्हणून शपथ घ्यायला लावली. लबाडी उघडी पडली, पण शपथ मोडली नाही. उलट त्या लबाडांवर शत्रू चालून आला, तेव्हा देवानं सूर्य थांबवला.

"सूर्य!" सुरेंद्रनं टेबलावर मूठ आपटली. "दिलेल्या शब्दासाठी!"

बुधवारी कळलं, अर्पिताला फिट येतात.

अर्पिता म्हणजे नेरडीगोंड्याच्या करणची लेक. सुरेंद्रच्या हर्षदीपशी तिची सोयरीक ठरून महिना झाला होता. ही माणसं येशूची झाली, कुंकू सुटलं, पण सोयरिकीची सुपारी काही सुटली नव्हती. ती फुटली की अर्धं लग्न झालंच. मग मागं फिरलं की डाग लागतो पोरीला. अन् ही सुपारी द्वारकाबाईनं स्वतःच्या हातानं फोडली होती.

"फसवलं आपल्याले," सुरेंद्र म्हणाला. "मोडली सोयरीक."

"काऊन रे? परवा तर लबाडायसाठी सूर्य थांबवून राह्यला होता!"

"माय, तो देवाचा करार होता. ते वेगळं."

"हो ना बाप्पा! देवानं पाळायचा अन् तू सांगायचा. कामं बरी वाटून घेतली तुमी."

सुरेंद्रनं बायबल उघडलं अन् दुसरं वचन शोधू लागला. पुस्तक जाड होतं, सापडलंही असतं.

द्वारकाबाईला किळस आली. तीस वर्षं तिनं दुसऱ्याच्या वावरात निंदण केलं. 'उद्या येते' म्हटलं की अंगात ताप असला तरी जायची. अन् हा पोटचा गोळा, पांढरा शर्ट घालून देवाचा दलाल झालेला! त्यानं करणला सोयरीक मोडल्याचा निरोपही धाडला. तरी गुरुवार-शुक्रवार तीही घरात धुसफुसत बसली. शनिवारी मात्र तिनं हर्षदीपला, सव्वीस वर्षांच्या मास्तरला, दंडाला धरून बसमध्ये कोंबलं.

नेरडीगोंड्याला करण तिच्या पायाच पडला. "चुकलं माय. गोळी चालू हाय, दोन वर्षं झाले, फिट आली नाही."

"लपवलं ते लबाडीच केली तू, लाज वाटू दे. पन सुपारी मी फोडली. मोडत नाही." बोलताना तिची छाती फुगली होती, खोटं कशाला सांगा.

अर्पिता पाणी घेऊन आली. तिनं हर्षदीपलाच विचारलं, "तुमाले काय वाट्टे?"

हर्षदीप ग्लास फिरवत राहिला. "पप्पायले इचारा लागन."

"तुह्या तोंडात काय मढं बसलं?" द्वारकाबाईनं कोपर मारलं. "बोल ना रे!"

"आजी म्हन्ते तसं करू."

अर्पिता हसली. ते हसू काही चांगलं नव्हतं. बोटातली सोयरिकीची अंगठी काढून तिनं द्वारकाबाईच्या ओटीत टाकली. "आजी, तीन दिवसानं का होईना, तुमी शब्द पाळाले आल्या. तुमच्या पाया पडते. पन लगन मले तुमच्यासंग नाही करायचं."

"अवो पोट्टे!" करण ओरडला. "घरी आलेली लक्षुमी..."

"गप बस," द्वारकाबाई म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, अन् पोरीचा अभिमानही वाटत होता. "बरोबर म्हन्ते ते. असला बैल मीबी नसता घेतला."

ती उठली. हर्षदीप मागं-मागं येत रडवेल्या आवाजात विचारू लागला, "आजी, आता पप्पायले काय सांगू?"

"सांग, पोरीनं आपल्याले पाह्यलं अन् नाही म्हटलं."