वरचं पिवळं

देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. काकांच्या काठीला होता. तिचं रबरी टोपण झिजून गेलं होतं, आणि दवाखान्याच्या फरशीवर टकटक करत ती थेट रक्त काढायच्या खोलीपर्यंत आली. ताई नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. तिने मान वर केली, काकांचा वर उचललेला डावा पाय पाहिला, आणि तिच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

दवाखान्यात तिला सगळे ताईच म्हणत, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे डॉक्टरसुद्धा. काकांनी मात्र जुनंच नाव काढलं. "नाकतोडे, तू इथं आहेस म्हणून तर आलो. घरचं माणूस असलं की निम्मं दुखणं पळतं."

वडील गेल्यावर ती या काकांकडे वाढली होती. काका मैदानावरचे प्रशिक्षक. पोरीच्या ढांगा बघून त्यांनी तिला लांब उडीला लावलं आणि नाकतोडी म्हणायला लागले. अठराव्या वर्षी तिची टाच दुखायला लागली. तिने आठ दिवस विश्रांती मागितली. काकांनी पट्टी आवळली, कुठूनसं दुखणं मारायचं इंजेक्शन टोचून आणलं आणि तिला निवड चाचणीला उभं केलं. तिसऱ्या उडीला पाय आपटताना तिला वाटलं, मागून कुणीतरी लाथ घातली. वळून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं. टाचेवरची कंडरा, म्हणजे पोटरीला टाचेशी बांधून ठेवणारी दोरी, तुटली होती.

शस्त्रक्रिया झाली, पायात कायमची कसर राहिली. तेही तिने गिळलं असतं. पण काकांनी सगळ्या नातलगांत सांगून टाकलं की पोरगी ऐन वेळी घाबरली, उडी अर्धवट टाकली, म्हणून पडली. काकूनेही तेच धरलं. चुलत भावाने आपल्या बायकोलाही तेच सांगितलं. सोळा वर्षं ती त्या घरात भित्री म्हणून ओळखली गेली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आता काकांचं जळत होतं, तेही नेमकं टाचेवर.

डॉक्टरांनी तपासलं. कंडरा सुजली होती, तुटली नव्हती. त्यांनी सांगितलं की आठ आठवडे मैदानाचं तोंड बघायचं नाही, टाचेचा व्यायाम रोज करायचा, वेदनाशामक गोळ्या बंद, आणि दोन-दोन आठवड्यांनी रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सची तीन इंजेक्शनं. स्वतःच्या टाचेचा प्रश्न आला तशी काकांनी एकूणएक गोष्ट निमूट मान्य केली. ताईला ते ऐकूनच मिरची झोंबली.

प्लेटलेट्सचं काम तिचं. रक्त काढायचं, नळी गरगर फिरणाऱ्या यंत्रात घालायची, समोरच्या खाचेत तेवढ्याच वजनाची दुसरी नळी ठेवायची, नाहीतर यंत्र थरथरत टेबलावरून चालायला लागतं. फिरवून झालं की नळीत तळाला लाल राहतं, त्यावर दोऱ्याएवढी पांढरट रेघ आणि वर पिवळं. नवख्याला वाटतं, पिवळं म्हणजे सगळं सारखंच. तसं नसतं. वरच्या पिवळ्यात फारसं काही उरलेलं नसतं, ते ओढून टाकून द्यायचं. रेघेला टेकलेलं पिवळं तेवढं कामाचं. ते सिरिंजमध्ये भरून भिंतीतल्या खिडकीतून पलीकडे द्यायचं. पलीकडून डॉक्टर विचारणार, "सोनं आलं का?" आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर नजर ठेवून सुई घालणार. सिरिंजकडे ते कधी निरखून बघत नसत. नऊ वर्षांत ताईचा हात चुकला नव्हता.

त्या दिवशीही चुकला नाही. तिने वरचं पिवळं काळजीपूर्वक सिरिंजमध्ये घेतलं आणि रेघेजवळचं सोनं कचऱ्यात ओतलं.

"सोनं आलं का?"

"आलं," ती म्हणाली.

सुई आत गेली तसे काका कळवळले. कंडरेत बधिर करायचं औषध घालत नाहीत, त्याने प्लेटलेट्स निकामी होतात म्हणतात. तेव्हा ही कळ कोरडीच सोसावी लागते, आणि यांनी तर ती फुकट सोसली. खिडकीच्या अलीकडे ताई ते कण्हणं कान भरून ऐकत होती. रुग्णाशी असं वागू नये हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. नवीन पोरींना तीच शिकवायची. पण त्या दिवशी ती घरी जाऊन सोळा वर्षांत झोपली नव्हती इतकी गाढ झोपली. दुसऱ्या वेळी तेच केलं, तिसऱ्या वेळीही तेच.

आणि काका बरे झाले.

आठव्या आठवड्यात काठी गेली. दहाव्या आठवड्यात ते दवाखान्याचा जिना ताडताड चढून आले, डॉक्टरांचा हात धरून हलवला आणि बाकावरच्या गुडघेदुखीवाल्यांसमोर भाषण ठोकलं. इंजेक्शन म्हणजे चमत्कार, मी स्वतः त्याचा पुरावा, आणि माझ्या पुतणीच्या हाताला यश आहे. ज्याला ताई बुडवायला गेली तो पोहायला शिकून आला होता, वर तिचेच पोवाडे गात होता. ती रात्री कूस बदलत पडली आणि स्वतःलाच शिव्या देत राहिली.

महिन्याभराने काका नातीला घेऊन आले. चुलत भावाची सतरा वर्षांची मुलगी, तीही लांब उडीवाली. डॉक्टरांनी पडद्यावर टाच पाहिली तर कंडरा अर्धी फाटलेली. पोरगी बूट काढतानाच रडकुंडीला आली होती. डॉक्टरांनी ठणकावलं की इंजेक्शन दिलं तरी तीन महिने उडी बंद. काकांनी गंभीर चेहऱ्याने मान हलवली.

मग ताई रक्त काढत असताना ते नातीच्या कानाशी लागले. डॉक्टर लोक असंच म्हणतात, शनिवारी निवड चाचणी आहे, आज सुई घेतली की शनिवारी पट्टी बांधून उतरायचं. "माझ्याकडे बघ की. साठीचा म्हातारा जिने चढतोय."

ताईने नळी यंत्रात ठेवली, समोर दुसरी ठेवली, झाकण लावलं आणि डॉक्टरांकडे जाऊन सांगितलं. डॉक्टर बाहेर आले, पुन्हा समजावलं, आवाजही चढवला. काका हसले. तुमच्याच औषधावर तुमचा विश्वास नाही का, म्हणाले. मी चालता-फिरता पुरावा आहे, आणि पोरगी माझी आहे, उतरवायची की नाही ते मी बघेन. नात खाली मान घालून बसली होती. ताईने ती मान ओळखली. अठराव्या वर्षी तिनेही तशीच घातली होती.

पुरावा मोडल्याशिवाय हे थांबणार नव्हतं. आणि तो मोडायचा म्हणजे नऊ वर्षांच्या नोकरीवर स्वतःच्या हाताने पाणी सोडायचं. मागे यंत्र फिरत होतं.

"काका," ती म्हणाली, "तुमच्या टाचेत औषध गेलंच नाही. तिन्ही वेळा मी वरचं पिवळं दिलं. आम्ही ते टाकून देतो. तुम्ही बरे झालात ते आठ आठवडे गप बसलात म्हणून. मी आठ दिवसच मागितले होते."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा. मुद्दाम."

काकांनी आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग दाराबाहेर बाकावर बसलेल्या लोकांकडे. जळकी आहे ही, ते म्हणाले, पहिल्यापासूनच. ऐन वेळी घाबरली, उडी टाकता आली नाही, त्याचा राग म्हाताऱ्यावर काढते. नेहमीचीच कहाणी होती. पण या वेळी नातीने मान वर केली.

"आत्या, तुझी तुटली होती?"

ताईने बूट काढला, मोजा खाली सरकवला आणि पाय तिच्यासमोर स्टुलावर ठेवला. टाचेपासून पोटरीपर्यंत वीतभर व्रण होता. पोरीने तो पाहिला आणि आजोबांकडे बघत राहिली, त्यांनी नजर वळवली तरी. एवढ्याचसाठी ताई सोळा वर्षं थांबली होती. तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

डॉक्टरांनी हलक्या आवाजात सांगितलं की चाव्या टेबलावर ठेव, उद्यापासून येऊ नकोस, झालं ते सगळं मला वरिष्ठांना लेखी कळवावं लागेल. तिने चाव्या ठेवल्या. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं, आणि तिला फक्त त्यांचंच वाईट वाटलं.

"चल गं," काका नातीला म्हणाले. ती जागची हलली नाही. ते एकटेच तरातरा दाराकडे निघाले. चौथ्या पावलाला त्यांचा वेग मंदावला. सहाव्या पावलाला, मघापर्यंत ठणठणीत असलेली डावी टाच जमिनीला लागेना आणि हात भिंतीवर गेला.

"दुखतंय," ते म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही.

चाकाची खुर्ची ताईच्या हाताशीच होती. तिने ती ढकलत काकांच्या शेजारून नेली, वळवली आणि नातीसमोर आणून उभी केली.

"बस," ती म्हणाली. "पाय खाली टेकवू नकोस."