तानाबाई हसली ती जागा

"बाळासो, आवाज वाढीव की जरा," सिद्धलिंग म्हणाला.

खोलीतल्या सगळ्यांनी मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. शेजारच्या तानाबाईनं तर कानांवर ठेवलेले हात न काढताच पाहिलं. तिच्या नवऱ्यानं, बाळासोनं, गणपती मंडळाचा स्पीकर आणून टीव्हीशेजारी स्टुलावर ठेवला होता आणि फळीवरची पातेली थरथरत होती. निर्मलानं नवऱ्याकडं बघून डोळे वटारले. तेव्हा कुठं सिद्धलिंगच्या ध्यानात आलं की आवाज आधीच पुरा चढवलेला आहे.

"न्हाई, म्हंजे... असू दे, असू दे," तो पुटपुटला आणि खुर्चीत मागं रेलला.

कसबा बावड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत रविवारी सकाळी शेजार जमला होता, कारण शांभवीचं रेकॉर्डिंग आलं होतं. शांभवी ही सिद्धलिंग आणि निर्मलाची एकुलती एक मुलगी. शाळेतल्या जुन्या पियानोवर तिचा हात बसला, मग ती पुण्याला गेली, आणि आता काही वर्षं बुडापेस्टला होती. तिकडच्या एका संगीतकार बाईंनी अलीकडंच पियानो आणि मोठ्या वाद्यवृंदासाठी एक कन्चेर्तो, म्हणजे तीन भागांचा मोठा तुकडा, लिहिला होता. तो पहिल्यांदाच रेकॉर्ड झाला होता आणि पियानोवर शांभवी होती. टीव्हीच्या पडद्यावर तिचा फोटो, खाली इंग्रजीत तिचं पूर्ण नाव, मधल्या 'सिद्धलिंग'सकट.

फोटो काही हलत नव्हता. मग सिद्धलिंग माणसांचे चेहरे बघत बसला.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत त्याचं उभं आयुष्य गेलं होतं. साच्यातून निघालेल्या कास्टिंगवरचं, म्हणजे ओतीव भागांवरचं, जादा लोखंड ग्राइंडरनं घासून काढायचं, हे त्याचं काम. कानात कापसाचे बोळे घालायचे, तेही आठवण राहिली तर. त्याचं ऐकणं वरच्या बाजूनं गेलं. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग फोनची रिंग, मग बायकांची बोलणी. खालचं, जड तेवढं उरलं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. कुणी बोललं की तो ओठांवरून अंदाज बांधायचा आणि मान हलवायचा. रिटायर झाल्यापासून माणूस घुम्या झालाय, असं निर्मला सगळ्यांना सांगायची.

आताही त्याला मधूनच धप्प, धप्प असं काहीतरी छातीपाशी कळत होतं. पियानोचा एकही सूर नाही.

एवढ्यात तानाबाईनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. बाळासोनं बायकोला कोपरानं ढोसलं आणि मग तोही मिशीतल्या मिशीत हसला. निर्मला खाली फरशीकडं बघत होती, तिचे कान लाल झाले होते.

सिद्धलिंगनं त्यातून एकच अर्थ काढला. पोरगी चुकली. एवढ्या मोठ्या लोकांत बसून, कायमचं राहणाऱ्या रेकॉर्डिंगात चुकली.

संपल्यावर बाळासोनं जोरात टाळ्या वाजवल्या. "झकास! लई भारी वाजीवलंय पोरीनं," तो वायर गुंडाळत, वायरीकडंच बघत म्हणाला.

माणसं गेली. सिद्धलिंग निर्मलाच्या मागं स्वैपाकघरात गेला.

"कुठं चुकली गं?"

"कोण?"

"शांभवी. वैनी हसाय लागल्या की."

निर्मलानं हातातलं भांडं खाली ठेवलं. "चुकली का न्हाई मला काय कळतंय? तसलं कधी ऐकलंय का आपण? अवो, पर तुमी समोर बसला हुतासा की. तुमाला काय वाटलं?"

त्यानं तिनं ठेवलेलं भांडं उचलून फळीवर लावलं.

"अवो, तुमाला ऐकू काय आलं?"

"ढोल," सिद्धलिंग म्हणाला. "ढोलासारखं काय तरी."

निर्मला त्याच्याकडं बघत राहिली. मग तिचा आवाज चढला, इतका की त्यालाही थोडा ऐकू आला. "आणि इतकी वर्सं नुसती मान हालवताय? त्या पोरीला दर खेपंला लई भारी, लई भारी म्हणून लिवताय ते?"

ते पोरीला कळेल, याचंच तर त्याला भय होतं. शांभवी लहानपणी की-बोर्ड घेऊन बसली की तो कामावरून आल्या आल्या, हातपाय न धुता, तिच्यासमोर बसायचा. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. पण तिचं बोट अडखळलं की त्याची भुवई हलायची, आणि ती न बोलता पुन्हा तिथून सुरू करायची. बुडापेस्टला गेल्यावरही प्रत्येक रेकॉर्डिंग ती आधी त्यालाच पाठवायची.

संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिचे ओठ हलले. निर्मलानं त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "मधला भाग कसा वाटला, इचारतीया."

'लई भारी' त्याच्या तोंडावर आलं होतं. पडद्यावरची पोरगी त्याच्या चेहऱ्याकडं एकटक बघत होती.

"मला ऐकू आलं न्हाई, बाळ."

"नेट गेलं होतं का?" तिचा प्रश्न निर्मलानं पोचवला.

"कान गेल्यात माझं."

हे शांभवीला लगेच कळलं, निर्मलाला परत सांगावं लागलं नाही. शांभवीनं काहीतरी विचारलं, मग बोटं दाखवून पुन्हा विचारलं. कधीपासून?

"लई दिस झालं. चार-पाच वर्सं तरी."

"म्हणजे आधीचं एकही ऐकलं नाहीत?" हे मात्र त्यानं ओठांवरूनच वाचलं.

त्यानं मान हलवली. "आज बी तानावैनी हसल्या, तर मला वाटलं तू चुकलीस."

पडदा काळा झाला. त्याला वाटलं, रेंज गेली.

"तिनंच फोन बंद केला," निर्मला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. निर्मलानं त्याला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. काचेच्या खोलीत बसवून तपासलं. डॉक्टर निर्मलाशीच बोलत होते आणि ती त्याला सांगत होती. मशीन लावलं तर माणसांचं बोलणं बरंचसं कळेल. गेलं ते मात्र परत येत नाही.

"आणि पियानो?" सिद्धलिंगनं थेट डॉक्टरांनाच विचारलं.

डॉक्टरांनी 'नाही' म्हणून तळवा आडवा हलवला.

गुरुवारी दुपारी त्याच्या मोबाईलवर शांभवीचा मेसेज आला. 'अप्पा, मला फार राग आलाय, अजून गेलेला नाही. पण एक सांगा. तानामावशी नक्की कुठं हसली? बाईंनी एका जागी ऐकणाऱ्याला हसू यावं म्हणूनच तसं लिहिलंय. रेकॉर्डिंगच्या वेळी हॉलमध्ये कुणीच हसलं नाही. विचारून कळवा.'

तानाबाई आपल्या दारातल्या कट्ट्यावर गवार मोडत बसली होती. सिद्धलिंगनं मेसेज पुढं धरला. तिनं तो ओठ हलवत वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आय्या! भावजी, तिला सांगिटलासा व्हय? चुकलं बाई माझं. पर काय करू? मांजर भांड्यात घुसल्यागत वाजत हुतं की वो. आणि त्यात ते मोठं भोंगं..."

ती मोठ्यानं बोलत होती. त्याला अर्धंमुर्धं कळलं, बाकीचं तिच्या हातवाऱ्यांवरून.

"तुमचं काय चुकलं न्हाई. जागा दावा फकस्त."

त्यानं मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं आणि तिच्या कानाजवळ धरलं. तानाबाई डोळे बारीक करून ऐकत होती. "आजून फुडं," तिनं हातानं खुणावलं. मग एकदम त्याच्या मनगटावर थाप मारली. "हितं, हितं!" आणि ती पुन्हा हसली, या खेपेला पदर न लावता. सिद्धलिंगनं पडद्यावरचा आकडा बघितला आणि तो टाइप करून बुडापेस्टला पाठवला.

मग तो बंद करायला गेला, तर तानाबाईनं त्याचा हात धरला.

मधला भाग सुरू झाला असावा. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. तिनं मोबाईल त्याच्या हातातून काढून घेतला आणि दोन्ही हातांनी कानाशी धरला. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, तिनं वर बघितलं नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"वैनी, काय वाजतंय?" सिद्धलिंगनं विचारलं.

तिनं एक हात वर करून त्याला थांबवलं. हात तसाच वर राहिला.

सिद्धलिंगनं पुन्हा विचारलं नाही. तो कट्ट्याच्या कडेला टेकला, गवारीची पाटी आपल्याकडं ओढून घेतली आणि उरलेल्या शेंगा मोडत बसला.